दिव्याभोवती तीन प्रदक्षिणा

इथे भुताखेतांचे किस्से येतात, लोक "बापरे, काटा आला" लिहितात आणि मग खाली एक खवट माणूस येऊन "उंदीर असेल, वायरिंग तपासा" अशी प्रतिक्रिया टाकून जातो... तो खवट माणूस मी. आज माझीच वायरिंग तपासायला दिली आहे असं समजा.

माझी नोकरीच तशी होती. दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं, मी चेन्नईत होतो. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायचो. बोर्ड का बिघडला ते शोधायचं, सापडेपर्यंत शोधायचं. "कारण कळलं नाही" असं म्हटलं की साहेब बोर्ड परत माझ्याच टेबलावर ठेवायचे. त्यामुळे अमानवीय वगैरे ऐकलं की मला हसूच यायचं.

आम्ही नुंगंबाक्कमला एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. मी आणि माझी बायको मंजिरी. खाली घरमालक — राव मामा आणि मामी. पिढ्यान्पिढ्या तंजावरकडचे मराठी. आम्ही पडलो नाशिकचे. पहिल्या दिवशी मामांनी दारात "यावें, बसावें" म्हटलं तेव्हा मला वाटलं, हे आपली थट्टा करतायत. त्यांना उलट आमची मराठी फार धावते असं वाटायचं.

मला व्हिडिओ गेमचं वेड. मंजिरी टी. नगरला साड्यांच्या दुकानात शिरली की मी ऑटो पकडून रिची स्ट्रीटचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठायचो — आमचं लग्न टिकण्याचं हे एक मोठं कारण. कोणता कन्सोल येतोय, कुठला गेम पुन्हा लांबणीवर पडला, हे मला साहेबांच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ असायचं. पण सोबत खेळायला कोणी नव्हतं. मंजिरीने एकदा कंट्रोलर हातात घेतला, दरीत पडली आणि "मला पोळ्या करायच्यात" म्हणून उठून गेली.

एका रविवारी मामा वर आले. मला वाटलं, आवाजाची तक्रार असणार. ते वेताच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चुम्मा बघतों रे. तूं खेळ."

हे 'चुम्मा', म्हणजे 'उगाच', पुढच्याच आठवड्यात संपलं. मामांनी दुसरा कंट्रोलर मागून घेतला. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, पण उभा जन्म मृदंग वाजवलेला. बोटं अशी चालायची की मी बघतच राहायचो. कंट्रोलर खेळून झाला की ते खाली घेऊन जायचे, मृदंगाशेजारी ठेवायचे. म्हणायचे, "वाद्य आहे तें. दुसऱ्याचा हात लागला की बिघडतें."

आमचा गेम दोघांचा होता. दोन प्रवासी, एक भला मोठा पडका किल्ला, आणि प्रत्येक टप्प्यावर एक दगडी दिवा. दिव्यापाशी पोचलं की खेळ सेव्ह व्हायचा. मामांचा प्रवासी निळ्या टोपीचा. दिवा आला की मामा त्याला दिव्याभोवती तीन प्रदक्षिणा घालायला लावायचे आणि डाव्या बाजूला उभा करायचे. मग मी पुढे गेलो तरच ते निघणार.

"मामा, मागे राक्षस लागलाय!"

"लागूं दे. देवाला सोडून पुढें कसें जायाचें? झालें. आतां हो तूं पुढें, मी येतों."

त्यापायी आम्ही किती वेळा मेलो त्याची गणती नाही. तरी किल्ला सर केला. शेवटी पडद्यावर दुसऱ्या भागाची झलक आली आणि झालं... भेटले की मामांचा एकच प्रश्न. "तो पार्ट टू येतो की नाहीं रे? का माझ्यासारखा तोही रिटायर झाला?"

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी. तिकडे नवरात्रात नवमीला सरस्वतीपूजा. पुस्तकं, वाद्यं, हत्यारं, ज्याचं जे असेल ते पाटावर मांडतात, चंदन-कुंकू लावतात. आपल्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पुजतात, म्हणून मला वाटलं, यात नवीन काय! मामांनी मृदंगाशेजारी माझा कन्सोल मांडला, मी नमस्कार केला आणि संध्याकाळी तो उचलायला खाली गेलो. सुटीचा दिवस, खेळायला नको?

मामांनी माझा हात धरला. "आज नाहीं. आज तें देवाचें. उद्यां विजयादशमीला सकाळीं उचलायाचें आणि थोडें तरी खेळायाचें. नव्यानें आरंभ करायाचा. आणि एक... त्या दिवशीं आरंभ केला की मध्यें टाकूं नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी आरंभ केला. मामांनी आधी मृदंगावर दोन थापा मारल्या, मग कंट्रोलर घेतला. तो दसरा माझ्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. झोपेतच. मी कंपनीच्या बसमध्ये होतो, मंजिरीचा फोन आला.

दसऱ्याच्या महिनाभर आधी रिची स्ट्रीटच्या दुकानदाराचा फोन आला. "सार, पार्ट टू वंदिडुच्चु!" आला होता. आमचा पार्ट टू आला होता. मी जाऊन घेऊन आलो आणि सील न तोडता कपाटात ठेवला. मंजिरी म्हणाली, "उघड ना, एवढी वाट पाहिलीस." मला उघडवेना. म्हटलं, दसऱ्याला बघू.

त्या वर्षी खाली सणवार नव्हता. नवमीला आम्हीच आमच्या घरात छोटा पाट मांडला. मामी जिना चढून वर आल्या. पदराखालून त्यांनी मामांचा कंट्रोलर काढला. स्वच्छ पुसलेला, वायर नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेली.

"त्यांचें वाद्य. खालीं एकटें नको. तुझ्या डब्ब्याजवळ ठेव."

मंजिरीने त्याला चंदन लावलं, वर एक शेवंतीचं फूल ठेवलं.

विजयादशमी. सकाळचं लख्ख ऊन खिडकीतून आत आलेलं. मी कन्सोल उचलला, टीव्हीला जोडला, माझा कंट्रोलर लावला. मामांचा पाटावरच ठेवला. कोणी खेळणारच नाही तर कशाला उचलायचा? नवी डिस्क घातली, एकट्याचा खेळ निवडला. किल्ल्याबाहेर माळरान, समोर दगडी दिवा. डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू?

मंजिरी स्वयंपाकघरातून श्रीखंडाचं पातेलं घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अरे, हा दुसरा कोण खेळतोय?"

मी पाहिलं. पडद्याच्या उजव्या कडेने निळ्या टोपीचा प्रवासी येत होता. सावकाश. मला वाटलं, नव्या भागात कम्प्युटरचा सोबती दिला असेल. तो माझ्याजवळून गेला, दिव्यापाशी पोचला... आणि फिरायला लागला. एक प्रदक्षिणा. दोन. तीन. मग दिव्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला, माझ्याकडे तोंड करून.

मी पाटाकडे बघितलं. कंट्रोलर तिथेच. दोरा बांधलेला, फूल तसंच. कन्सोलचं दुसरं सॉकेट रिकामं.

मंजिरी अगदी हळू म्हणाली, "मामा?"

आणि मी काय केलं? उठलो आणि भिंतीवरचा स्विच बंद केला.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. घाबरलो, बस. मंजिरी मात्र घाबरली नव्हती. तिचे डोळे पाण्याने भरले होते. "अरे, का बंद केलंस?" म्हणाली. थोड्या वेळाने मी पुन्हा चालू केलं. माळरान, दिवा, मी एकटा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. कोणी नाही.

मग माझ्यातला तपासनीस जागा झाला. गेमचं पुस्तक वाचलं. एकट्याच्या खेळात सोबती मिळतच नाही. इंटरनेटवर जगभरच्या लोकांना विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं. कन्सोल उघडला. सॉकेटमध्ये ओल, गंज, शॉर्ट, काही नाही. आणि समजा असता शॉर्ट, तर निळी टोपी आली असती फार तर. शॉर्ट मोजून तीन प्रदक्षिणा घालतो का?

पण त्याआधी, दसऱ्याच्याच दुपारी, मी खाली गेलो होतो. मामी शेवग्याचा पाला निवडत होत्या. सगळं सांगितलं. मला वाटलं, रडतील किंवा मला वेड्यात काढतील. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मग? तूं गेलास की नाहीं पुढें?"

"नाही मामी... मी बंद केलं."

त्यांचा हात थांबला. "अय्यो कण्णा... तूं गेल्याविना ते नव्हते रे पुढें येत."

आणि त्या पुन्हा पाला निवडू लागल्या.

मंडळी, भूत दिसलं याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की मला फक्त एक बटण दाबून चार पावलं पुढे चालायचं होतं. ते मागोमाग आले असते. जेवढा वेळ मिळाला असता तेवढा खेळलो असतो. ज्याची आम्ही दोघांनी एवढी वाट पाहिली तो खेळ समोर होता, सोबत्याने रीतीप्रमाणे आरंभही केला होता, आणि मध्येच टाकून उठलो तो मी.

आता आम्ही नाशिकला असतो. मामीही गेल्या. जाण्याआधी त्यांनी मामांचा कंट्रोलर कायमचा मला दिला. नंतर किती तरी कन्सोल आले, आता घरबसल्या जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस सोबत खेळतो. ते सगळं मी हौसेने घेतो. पण दर विजयादशमीला सकाळी तो जुना कन्सोल काढतो. मामांचा कंट्रोलर चंदन लावून पाटावर, सॉकेट रिकामं. कारण अजून सापडलेलं नाही, आणि खरं सांगू, आता मी ते शोधतही नाही.

मंजिरी माझ्या शेजारी एक खुर्ची ओढून ठेवते. मी खेळ सुरू करतो, दिव्यापर्यंत जातो आणि उजव्या बाजूला उभा राहतो. तेव्हा मामा माझ्यासाठी थांबायचे. आता मी थांबतो.