पोरीची घागर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कॉमेंटमध्ये कुणी मला ज्ञान पाजळायला नको. भूतप्रेत, करणी, अंगात येणं — यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि आजही मी त्या बाजूला गेलोय असं समजू नका. मी जळगावला राहतो. पाइपच्या कारखान्यात एकतीस वर्षं टेस्टिंगला आहे. पाइपमध्ये दाबानं पाणी भरायचं आणि ते कुठून झिरपतंय हे शोधायचं, हे माझं काम. पाणी गायब होत नसतं, ते कुठून तरी निघतं आणि कुठे तरी जातं, हे मी नवीन आलेल्यांना पहिल्याच दिवशी ऐकवतो. म्हणूनच हे सगळं नेमकं माझ्या बाबतीत घडावं याचा मला अजून राग आहे.

आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावानं मातीची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा. हे घरोघरी होतं. आमच्या घरी मात्र मातीच्या घागरीशेजारी एक पितळी घागर असायची... जुनी, पोटाला पोचा आलेली. तिला ‘पोरीची घागर’ म्हणायचे. कोणती पोर, कुणाची, काही पत्ता नाही. विचारलं की वडील म्हणायचे, “माझे आबा भरायचे, म्हणून मी भरतो.” सकाळी गळ्यापर्यंत भरलेली ती घागर संध्याकाळी दोन बोटं रिकामी झालेली असायची. मातीची घागर पाझरते, मान्य. पण पितळ? लहानपणी मी एकदा आतून खडूची खूण करून ठेवली होती, तर संध्याकाळी पाणी तिच्या दोन बोटं खाली होतं. वडील म्हणाले, “उन्हानं उडून जातं.” मी ते मान्य करून टाकलं.

वडील गेले आणि मी ती घागर भरणं बंद केलं. जिचं नावही ठाऊक नाही तिच्यासाठी कोण पाणी भरत बसणार? घागर माळ्यावर गेली, आणि बायकोनं तिच्यात जुन्या लोकरीचे गुंडे कोंबून ठेवले.

आता मुद्द्याचं. माझी मुलगी दीपाली हिला गेल्या वर्षी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात राखीव जागेतून प्रवेश मिळाला. अट एकच — जात पडताळणीचं प्रमाणपत्र मे अखेरपर्यंत द्यायचं, नाहीतर प्रवेश रद्द. ज्यांच्या घरातून हे गेलंय त्यांना पुढचं सांगायला नको. माझा दाखला दिला, वडिलांचा दिला, आजोबांचा दिला. आजोबांच्या दाखल्यावर जातीचा रकाना कोरा. गावच्या जुन्या रजिस्टरमध्ये नेमकं आमचं पान वाळवीनं खाल्लेलं. पडताळणी समितीचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “पणजोबांचं नाव आणि जात लिहिलेला, स्वातंत्र्याच्या आधीचा एखादा कागद आणा. नसेल तर आमचा नाइलाज आहे.”

माझं डोकंच फिरलं! आमच्या जातीचा धंदा पाणी वाहण्याचा. माझे पणजोबा लखमा, धुळ्यात गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांवर पाणी भरायचे. पाठीवर चामड्याची पखाल घेऊन दिवसाला वीस-वीस खेपा. त्यांनी आणलेल्या पाण्यावर साहेबांचे चहा झाले, आंघोळी झाल्या, गुलाबाच्या बागा फुलल्या. आणि आता त्यांचा कागद पाहिजे! पाणी पिताना कुणी पाणक्याचं नाव लिहून घेतं का हो? मी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. दीपालीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

धुळ्याला माझी आत्या असते. सगळे तिला अक्का म्हणतात. वय चौऱ्याऐंशी, कानानं थोडी कमी, बाकी ठणठणीत. शेवटचा उपाय म्हणून दीपालीला घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कागद शे ना. मडमनी करेल शे, मराना आगोदर. त्यामा आजाबानं नाव शे.”

“कोणती मडम, अक्का?”

“कोलटन साहेबनी. जिनी पोर मरी गयी ती. आपली पितळनी घागर तिनीच शे.” मग माझ्याकडे रोखून बघत, “भरस ना तू ती?”

मी विषय कागदाकडे वळवला. दीपालीनं मात्र चहा पिता पिता सगळं सांगून टाकलं.

लखमाचं नाव असलेला, मरायच्या आधी मडमेनं केलेला कागद, म्हणजे मृत्युपत्रच असणार. धुळ्यातल्याच एका सरकारी दप्तरखान्यात साहेब लोकांची जुनी मृत्युपत्रं ठेवलेली आहेत. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण आधीच माझ्यामागे एक लचांड लागलंय. शुक्रवारी तिथे गेलो. रजिस्टरमध्ये नोंद सापडली — मिसेस हॅरिएट कोल्टन, मृत्युपत्र, गठ्ठा क्रमांक, सगळं. माझा आनंद पाच मिनिटं टिकला. तिथले कारकून भाऊसाहेब, त्यांनी आत नेऊन रॅक दाखवला. गठ्ठ्याच्या जागी फक्त चिठ्ठी, आणि बोटभर धूळ.

“तो गठ्ठा आमच्या आधीपासून नाही,” ते म्हणाले.

“मग शोधा ना! दुसऱ्या कप्प्यात गेला असेल.”

“काका, नाही म्हणजे नाही.”

मी संध्याकाळपर्यंत तिथेच ठाण मांडून बसलो. शेवटी त्यांनी माझ्यासमोर खोलीला कुलूप लावलं, कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर सही केली आणि म्हणाले, “आता सोमवारी.” हे कुलूप आणि ही पट्टी लक्षात ठेवा.

अक्काकडे परत आलो तर तिनं मलाच झापलं. “तू पोरले पानी देस नही, आनी वरथून कागद मांगस?” रविवारी आखाजी होती. तिचं म्हणणं असं की ती घागर घेऊन यायची, आणि पोरीच्या थडग्यावर ओतायची. तिचे आजाबा, म्हणजेच माझे पणजोबा, हयात असेपर्यंत दर आखाजीला तसंच करायचे. अक्का लहानपणी त्यांच्याबरोबर जायची. पुढे आमचं घर जळगावला गेलं आणि घागर नुसती घरात भरली जाऊ लागली. मी म्हणालो, “अक्का, माझ्या मुलीचं वर्ष जायची वेळ आलीय आणि तुला हे सुचतंय?” खूप बोललो. नको तेही बोललो. अक्का ऐकून न ऐकल्यासारखी बसली.

दीपाली म्हणाली, “बाबा, तुम्ही येऊ नका. मी रिक्षा करून एकटी जाईन.”

म्हणजे जावंच लागलं.

रविवारी जळगावहून घागर घेऊन आलो. अक्काच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. तिनं आपल्या ड्रममधून घागर काठोकाठ भरून दिली. पंधरा लिटर! त्यावरूनही माझी चिडचिड झाली. साहेब लोकांच्या जुन्या दफनभूमीत पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. कंबरेएवढं वाळलेलं गवत, अर्धे दगड लोकांनी पायऱ्यांना उचलून नेलेले. अक्का गाडीतच बसली आणि तिथूनच हात करून सांगत राहिली — फाटकापासून तिसरी ओळ, भिंतीच्या अंगाला. दगड लहानच होता. इंग्रजीत लिहिलेलं: एलिस, हॅरिएट कोल्टनची मुलगी, वय वर्षं सहा. आणि अगदी तळाशी, मातीत अर्धी बुडालेली, बोटभर उंचीची एक कोरलेली घागर.

खरं सांगतो, ती बघून मला वाईट वाटलं. लहानपणापासून जिच्या नावाचं पाणी मी बघितलं, ती सहा वर्षांची होती.

मी ओतायला लागलो. आणि आता नीट वाचा, कारण हे मी टेस्टिंगवाल्याच्या डोळ्यांनी बघितलंय. पाणी दगडावर पडत होतं, कडेपर्यंत येत होतं आणि संपत होतं. पलीकडे एक ओघळ नाही. घागर रिकामी झाली तरी नाही. मी गुडघ्यावर बसून बोटानं माती उकरली. वैशाखातली जमीन घटाघटा पाणी पिते हे मला कळतं हो... पण पाणी प्यायलेली माती काळी पडते, बोटाला चिकटते. ही पांढरी धूळच होती. पंधरा लिटर पाणी, आणि चिमूटभर चिखल नाही. दीपालीनं दगडावर तळवा ठेवला आणि म्हणाली, “बाबा, गार आहे.” मीही ठेवला. भर उन्हात तो दगड माठासारखा गार होता.

गाडीतून अक्कानं हाक मारली, “पिनी ना पोर?”

पोर प्यायली ना, असं विचारत होती. पाणी कुठे गेलं ते मला कळत नव्हतं, आणि कळत नाही म्हणून संताप येत होता.

मुक्काम अक्काकडेच केला. सोमवारी सकाळी साडेदहाला भाऊसाहेबांचा फोन. “तुम्ही शुक्रवारी काय करून गेलात? ताबडतोब या!” गेलो. दप्तरखान्यात मधल्या टेबलावर एक गठ्ठा पडला होता... ओलाचिंब. टेबलावरून पाणी ठिबकत होतं, फरशीवर थारोळं. आजूबाजूचे सगळे रॅक कोरडे. कुलपावरची पट्टी शाबूत होती, ती भाऊसाहेबांनी स्वतः दोन शिपायांसमोर फाडली होती. मी सवयीनं खोली तपासली. छताला डाग नाही, भिंतीला ओल नाही, खोलीत नळ नाही, पाइप नाही. व्हरांड्यातला नळ उघडून बघितला, त्यातून नुसती हवा आली. माझ्या अंदाजानं तिथे पंधरा लिटरच्या आसपास पाणी होतं. हा अंदाज माझा चुकत नाही.

गठ्ठ्यात कोल्टनबाईचं मृत्युपत्र होतं. कागद भिजलेला, पण शाई फुटली नव्हती. इंग्रजी मजकुराखाली त्या काळच्या कारकुनानं मराठी भाषांतर लिहिलेलं. दीपालीनं मोठ्यानं वाचलं. “माझी मुलगी दोन दिवस पाणी मागत होती. डॉक्टरांनी मनाई केली होती व आम्ही ती पाळली. आमचा पाणक्या लखमा वल्द राघो याने चोरून तिला पाणी पाजले. त्याबद्दल माझ्या पतीने त्यास कामावरून दूर केले. पाणी पिऊन ती निवली व शांतपणे गेली, हे मी पाहिले आहे. माझी पितळी घागर त्यास द्यावी.” लखमा नावापुढे जात लिहिलेली, धंदा लिहिलेला.

दीपाली रडायला लागली. मीही रडलो, लपवत नाही. तापानं फणफणलेल्या पोरीला घोटभर पाणी दिलं म्हणून माझ्या पणजोबांची नोकरी गेली होती!

पण भाऊसाहेबांना त्याचं काय! मी प्रमाणित नकल मागितली तर म्हणाले, “चौकशी होईपर्यंत नकल मिळणार नाही. सरकारी कागद भिजवलाय कुणीतरी.” कुणीतरी म्हणताना बघत होते माझ्याकडे. आठवड्याभरात मला रजिस्टर पत्रानं नोटीस आली. सही, शिक्का, जावक क्रमांक. ‘ज्याअर्थी सदर मृत्युपत्रात उल्लेखिलेला लखमा वल्द राघो, जात अमुक, धंदा पाणी वाहणे, याचे आपण पणतू असल्याचे आपल्या अर्जात नमूद आहे, व ज्याअर्थी सदर कागदात आपला हितसंबंध आहे, त्याअर्थी दप्तरखान्यात पाणी कसे आले याचा लेखी खुलासा करावा.’

मी ती नोटीस फाडणारच होतो. आयुष्यभर कागद मागितले तेव्हा आमची जात कुठेच लिहिलेली नव्हती, आणि पाणी सांडल्याचा आळ घ्यायचा म्हटल्यावर पणजोबांच्या बापापासून सगळं बिनचूक! दीपालीनं नोटीस माझ्या हातातून काढून घेतली, दोनदा वाचली आणि हसायला लागली.

“बाबा, हाच की आपला कागद.”

खरंच. सरकारी शिक्क्यानिशी मृत्युपत्रातली नोंद उतरवलेली होती. आम्ही नोटीस समितीपुढे ठेवली. चष्मेवाल्या साहेबांनी ती उलटसुलट केली आणि मूळ कागद दप्तरखान्यातून परस्पर मागवला. मुदतीच्या दोन दिवस आधी दीपालीचं प्रमाणपत्र हातात पडलं. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे.

पाण्याचं म्हणाल तर माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही. कुणी म्हणेल शिपायानं बादली ओतली. त्यानं पट्टी न फाडता आत जाऊन, आधीपासून नसलेला गठ्ठा कुठून आणला, तेवढं मला सांगा. मी रात्रंदिवस डोकं लढवलंय. थडग्यापासून दप्तरखाना अडीच किलोमीटर आहे, आणि मध्ये कोणतीही पाइपलाइन नाही.

त्या नोटिशीचा खुलासा मात्र मी लिहून दिला. त्यातल्या ओळी इथे जशाच्या तशा देतो: ‘पाणी आपल्या खोलीत कसे आले ते मला माहीत नाही. रविवारी दुपारी बारा वाजता मी ते सहा वर्षांच्या एका मुलीला दिले होते. माझ्या पणजोबांनीही तिला दिले होते. त्यांना त्याबद्दल कामावरून काढले. माझ्यावर काय कारवाई करायची ती खुशाल करा, पण येत्या आखाजीला मी तिला पुन्हा पाणी देणार आहे.’