पाऊण तासाची चूक

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक जेमतेम वीतभर लांबीची होती. ती पिवळ्या रंगाची एक तार होती.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मी कनिष्ठ संशोधक होतो. नोकरीत कायम व्हायचा होतो, म्हणजे सर्वांशी अदबीनं बोलत होतो. आमच्याकडे एक गणकयंत्र तयार होत होतं. संगणक हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. या यंत्राची खासियत अशी की त्याची रचनाच बदलता येई. दर्शनी बाजूला एक फळी, फळीवर शेकडो भोकं आणि भोकांत खोचायच्या रंगीत तारा. तारा एका तऱ्हेनं जोडल्या की यंत्र पुलाची थरथर मोजायचं, त्याच तारा उपसून दुसरीकडे खोचल्या की धरणाच्या दारांचं गणित करायचं. आमचे संचालक पाहुण्यांना सांगत, "देह एकच, अवतार अनेक." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांच्याआधी माझे ओठ हलत.

अनुदान पुढं चालू राहायचं तर यंत्रानं काहीतरी लोकोपयोगी करून दाखवणं भाग होतं. मी मालवणचा, म्हणून मी भरती-ओहोटी सुचवली. चंद्राची ओढ एका विद्युतमंडलात, सूर्याची दुसऱ्यात, बारीकसारीक ओढी आणखी काही मंडलांत. सगळ्यांची बेरीज केली की भरती कधी आणि किती येणार याची वळणदार रेघ कागदावर उमटे. ती खरी की खोटी हे ताडून पाहायला मालवण बंदरातल्या प्रत्यक्ष नोंदी हव्या होत्या. त्या ठेवायला तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलाची नेमणूक झाली. नाव मीच सुचवलं होतं. आमच्याच वाडीतले, जन्मभर गलबतावर राहिलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. धक्क्याशी पाण्यात रोवलेल्या आकडे घातलेल्या काठीवर पाणी कुठवर आलं हे पाहायचं आणि वेळेसह वहीत उतरवायचं, एवढंच काम. त्यांना सरकारी घड्याळ मिळालं. रोज सकाळी हॉटेलातल्या रेडिओवर काका ते लावून घेत, आणि मग छातीवर हात ठेवून काठीकडे जात, कारण घड्याळ खिशात होतं. बंदरात त्यांचा मान अचानक वाढला. होडी कधी लोटायची हे लोक पंचांगाऐवजी त्यांना विचारू लागले. खरं म्हणजे तेही जुन्या रीतीनं तिथीच्या आकड्याची पाऊणपट करूनच भरतीची वेळ सांगत, पण घड्याळ काढून सांगत.

मग आमच्याकडे मोठे पाहुणे यायचं ठरलं. आदल्या दिवशी संचालकांना फळी बघून वाईट वाटलं. तारा लाल, पिवळ्या, काळ्या, जशा मिळाल्या तशा होत्या. "हे राष्ट्रीय यंत्र आहे," ते म्हणाले. "बघताक्षणी तसं वाटायला हवं." त्यांच्या सूचनेवरून मी भरतीच्या सगळ्या तारा उपसल्या आणि केशरी, पांढऱ्या नि हिरव्या तारांचे तीन पट्टे फळीवर ओळीनं खोचले. मधोमध निळा दिवा. या जोडणीतून गणित कसलंच होत नव्हतं. पाहुण्यांच्या हातून कळ दाबली गेली, दिवा लागला, आधीच काढून ठेवलेल्या रेघेचा कागद पुढं सरकला आणि टाळ्या झाल्या. पाहुणे म्हणाले, "छान." यंत्राचं एवढं नेमकं मूल्यमापन नंतर कुणी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आराखडा समोर ठेवून सगळ्या तारा परत जोडल्या. आदल्या दिवशीचे पेढे खात खात जोडल्या, हेही सांगून टाकतो.

त्यानंतर यंत्राची रेघ आणि काकांच्या नोंदी जुळेनात. कधी दहा मिनिटांचा फरक, कधी पाऊण तासाचा. अनुदानाचा निर्णय महिन्यावर आलेला. संचालकांनी मला बोलावलं. "यंत्र चुकत नाही," ते म्हणाले. "माणूस बघून या."

मी आगबोटीनं मालवणला उतरलो. माझ्याबरोबर एक तपासणी अधिकारी होते, त्यांना बोट लागली होती आणि ते त्याबद्दल सगळ्या किनाऱ्यावर नाराज होते. काका धक्क्यावर वही घेऊन उभे होते. अधिकाऱ्यांसमोर मी त्यांच्याशी शुद्ध मराठीत बोललो.

"आपण नोंदी नेमक्या कोणत्या वेळी घेता?"

काकांनी वही काखेत मारली. "मालवणी इसारलंस काय रे झिला?"

"साहेबांना कळायला हवं."

"बरां. घड्याळ सरकारचां. काठी सरकारची. दर्यो पण सरकारचोच म्हणतत. मगे माझी चूक खंय आसा, तां साहेबांका विचार."

अधिकाऱ्यांनी घड्याळ तपासलं. ते बरोबर होतं. काठी तपासली, तीही सरळ होती. आम्ही दुपारी खानावळीत सुरमई खाल्ली आणि अधिकाऱ्यांचा किनाऱ्यावरचा राग ओसरला. अहवाल मात्र मला लिहायचा होता.

त्या संध्याकाळी नोंदी पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा मला एक गोष्ट दिसली होती. फरक सगळ्यात मोठा होता तो अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत. अष्टमीकडे तो घटत जाई. चुकीचं घड्याळ तिथी पाहून चुकत नाही. तिथी पाहून चुकेल ते चंद्रसूर्याचं गणित, आणि ते गणित काकांच्या खिशात नव्हतं, माझ्या फळीवर होतं. हे मला कळलं नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. कळलं होतं. पूर्ण कळू नये म्हणून मी घाईनं वाक्य पुरं केलं: "उधाणाच्या दिवशी नोंदणारा मासेमारीस जात असावा व नोंदी मागाहून अंदाजे भरत असावा." 'असावा' मी दोनदा वापरला, आणि शास्त्रीय सावधगिरी पाळल्याचं समाधान मिळवलं.

अनुदान चालू राहिलं. मी कायम झालो. काकांकडून घड्याळ आणि वही परत घेण्यात आली. ते काम बंदरातल्या कारकुनानं सर्वांसमोर, धक्क्यावर, अहवालातला पाऊण तासाचा फरक आणि माझं वाक्य मोठ्यानं वाचून केलं.

पुढं धरणाचं गणित आलं आणि मी भरतीची जोडणी सोडायला बसलो. सूर्याच्या मंडलातून निघालेली पिवळी तार शेजारच्या भोकात होती. ती मी जागेवर खोचली आणि रेघ पुन्हा काढली. काकांच्या नोंदींवर ती अशी बसली की एखाद्यानं खालची रेघ गिरवावी. मी कागद घडी करून खिशात ठेवला, सगळ्या तारा उपसल्या आणि धरण जोडायला घेतलं. यंत्राची हीच तर खासियत होती: तारा उपसल्या की आधी काय होतं याची खूण उरत नसे.

दोन वर्षं तो कागद माझ्याकडे राहिला. मग एका मे महिन्यात घरी गेलो तेव्हा तो घेऊन काकांकडे गेलो. ते अंगणात जाळं दुरुस्त करत होते.

"काकानू, चूक माझी होती," मी म्हटलं, या वेळी मालवणीत. तारेचं सगळं सांगितलं. तिरंगी पट्ट्यांचंही सांगितलं. त्यावर ते हसले. मग आत गेले आणि शाळकरी मुलांची असते तसली एक वही घेऊन आले. सरकारी वही गेल्यावर त्यांनी स्वतःची सुरू केली होती. घड्याळ नव्हतं म्हणून वेळेच्या रकान्यात चर्चची घंटा, आगबोटीचा भोंगा, शाळा सुटणं असं लिहिलं होतं. माझा कागद त्यांनी वहीशेजारी ठेवला, पण बघितला नाही.

"ह्यां माका सांगून काय उपयोग? माका ठावक आसाच," ते म्हणाले. "थंय धक्क्यार माका काय म्हणतत, ठावक आसा तुका? पाऊण तास. पोरां नाय, बायलो म्हणतत. पाऊण तास इलो गो, मासे झाका, नायतर अंदाजान मोजतलो." जाळ्याची गाठ दातानं आवळून त्यांनी पुढं म्हटलं, "थंय जावन सांग. सकाळी सगळी असतत."

मी सकाळी गेलो. होड्या लागल्या होत्या, टोपल्या मांडल्या होत्या, बायकांनी मांडलेला मासळीचा लिलाव रंगात होता. काका जरा लांब, काठीपाशी उभे होते. कागद माझ्या खिशात होता. एका बाईनं मला ओळखलं.

"मुंबैचे साहेब इले गो. तुमचां यंत्र बरां आसा मां?"

दोघीतिघी वळल्या. कारकूनही वळला, ज्यानं माझं वाक्य वाचलं होतं. बोलायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

"बरं आहे," मी म्हटलं. आणि बांगड्यांचा भाव विचारला.

बांगडे घेतले. परत फिरताना काठीच्या बाजूनं जायला लागू नये म्हणून बाजारातून गेलो. मागं कुणीतरी काहीतरी बोललं आणि बायका हसल्या. काय ते ऐकू आलं नाही. पण हसू काठीच्या दिशेनं गेलं, माझ्या नाही.