करंट की पेट्रोल

गॅरेजात किस्से साठतात ते जळक्या प्लगांसारखे. फेकवत नाहीत, कामालाही येत नाहीत, डबा मात्र भरत जातो. माझा भरलाय. ऐकायचं तर ऐका, नायतर चहा पिऊन निघा. माझी शाळा चौथीत सुटली, गोड बोलायचं त्याच्या पुढं शिकवत असतील.

कळंबोलीत ट्रकांच्या गर्दीत आमची पत्र्याची शेड. इंजिनाचं काम माझं, मी साताऱ्याकडचा. वायरिंगचं काम हसुरामचं, तो बोनकोड्याचा. त्याची शेती गेली, तिथं इमारत आली, भाडं चालू झालं, तरी हा रोज टेस्टर खिशाला लावून हजर. कशाला येतोस विचारलं तर म्हणायचा, "घरी बसून तुझ्याशी भांडता येतं का?"

गाडी कुठलीही बंद पडो, मी म्हणणार पेट्रोल, तो म्हणणार करंट. एकदा डिझेलच्या टेम्पोलाही म्हणाला, "करंट हाय."

मी म्हटलं, "अरे, ह्याच्यात प्लगच नसतो!"

"म्हनूनच चालत नाय!"

*

मग ती रेसची गाडी आली.

जुईनगरचा एक दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि रविवारी रेस लावायची. जुनी गाडी घेतली, मागची सीट काढली, आत लोखंडी पिंजरा बसवला, दारावर नंबर रंगवला. पनवेलच्या पुढं एका बंद कारखान्याच्या आवारात प्लास्टिकचे कोन मांडून हे हौशी लोक एकेकानं गाडी पळवतात. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

गाडी सरळ सुसाट जायची. उजवीकडं जोरात वळली की मिसिंग! इंजिन ठोके खायचं, भकभक करायचं, आणि डॉक्टर शेवटून पहिला. शेडमध्ये उभी करून रेस द्या, आवाज एकदम साफ. पाहुण्यांसमोर पोर शहाणं होतं तशी.

हसुराम म्हणाला, "वळनावर इंजिन हलतं, वायर तानते, करंट तुटतो."

मी म्हटलं, "पेट्रोल पोचत नाही."

डॉक्टर म्हणाला, "मग दोन्ही बघू या की!"

नवीन होता बिचारा. आमच्यात दोन्ही असं काही नसतं.

*

चार प्लगांतला कुठला मेलाय ते बघायची जुनी रीत आहे. चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढायची. आवाज बदलला तर तो जिवंत. आवाज तसाच राहिला तर तो मेलेला, असून नसल्यासारखा. माणसांनाही ही टेस्ट लावायला पाहिजे, पण लावत नाहीत. निकाल काय येईल ते सगळ्यांना माहीत असतं.

हसुरामनं पक्कड न घेता हातानंच वायर ओढली. असा झटका बसला की मागच्या टायरांच्या ढिगावर जाऊन पडला. चष्मा एकीकडं, चप्पल एकीकडं.

मी जागचा हललो नाही. म्हटलं, "बघ! करंट भरपूर आहे!"

दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

*

तिसऱ्या दिवशी बोलायला लागला तो नवीन वायरी घेऊनच. सगळं वायरिंग बदललं, अर्थिंगचा नट घासूनपुसून आवळला. रविवारी आम्ही तिघं गेलो. जाताना डॉक्टरनं टाकी फुल केली. गाडी डावीकडं वळली, उजवीकडं वळली, एक ठोका चुकला नाही.

हसुराम कुठूनसे पेढे घेऊन आला. कोण कुठली अनोळखी माणसं, सगळ्यांना वाटत सुटला, आणि माझ्यापुढं डबा धरून म्हणाला, "नाना, तुला दोन. एक करंटचा, एक हार मानल्याचा."

डॉक्टर दिवसभर गाडी पळवत होता. उन्हं उतरायच्या वेळेला उजव्या वळणावर गाडीनं भक् केलं. मग भकभक.

मी हसुरामकडं बघितलं. त्याचा स्वतःचा पेढा अजून दाढेतच होता. कोणी हसलं नाही. मी पण नाही. माणूस तोंडात पेढा धरून गप उभा राहतो, ते बघायला बरं वाटत नाही.

*

मग ठरलं की गाडीत बसूनच ऐकायचं. शेजारी सीट एकच. पहिला मी बसलो. डोक्यावर हेल्मेट, पट्टे असे आवळलेले की श्वास घेताना परवानगी मागावी. उतरलो तो कोपऱ्यात जाऊन ओकलो, आणि तोंड पुसत म्हटलं, "पेट्रोल."

मग हसुराम बसला. तोही ओकला. खोकत खोकत म्हणाला, "करंट."

डॉक्टर म्हणाला, "अहो, तुम्ही दोघं एकाच गाडीत बसलात ना?"

तो खोकला काही मग थांबला नाही.

*

फुप्फुसात पाणी झालं म्हणाले. मी दवाखान्यात गेलो. वहिनींनी दारातच बजावलं, "भावजी, गारीचा विषय नको हां. त्यांना दम लागतो."

मी स्टुलावर बसलो. वाकडंतिकडं विचारण्यापेक्षा सरळ विचारलं, "काय म्हणतात डॉक्टर?"

"काय म्हनतील! फॉल्ट सापडत नाय. एकेक पार्ट बदलून बघतात."

मग त्यानंच तोंडावरचा मास्क उचलला. "आनि आपली?"

"तिचापण फॉल्ट सापडला नाही."

"करंट हाय रं, नाना."

"पेट्रोल," मी म्हटलं.

"मरायला टेकलेल्या मानसाला तरी हो बोल!"

"मग आधी मर तरी!"

तो हसला, मग खोकला, मग नर्स धावली आणि तिनं मला बाहेर काढलं. वहिनी माझ्याकडं बघतही नव्हत्या.

त्याच आठवड्यात गेला.

*

पाचव्या दिवशी डॉक्टर शेडमध्ये आला. म्हणाला, "नाना, आता ही गाडी नको. विकून टाकतो." विकायच्या आधी टाकी साफ करावी म्हणून खाली उतरवली, तर आत खडखड वाजलं.

टाकीत एक आडवा पत्रा असतो, पेट्रोल एका बाजूला पळू नये म्हणून. तो तुटून लोळत होता. टाकी भरलेली असली तर काही नाही. पेट्रोल कमी झालं आणि गाडी उजवीकडं वळली, की सगळं पेट्रोल एका कडेला, पंपाच्या तोंडात नुसती हवा. मिसिंग! पेढ्यांच्या दिवशी टाकी फुल होती, म्हणून गाडी चालली.

मी ओरडलोच, "बोललो होतो ना? पेट्रोल!"

डॉक्टर नुसता "हो" म्हणाला.

त्या "हो"चं काय करायचं? घरी जाऊन जेवलो नाही.

*

दहावं खाडीवर होतं. पिंड ठेवला. कावळे भरपूर, पण सगळे विजेच्या तारेवर ओळीनं बसलेले. मेल्यावरही करंटच!

एकही कावळा खाली येईना. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला सांभालीन." नाही. धाकटा म्हणाला, "दारू सोरतो." नाही. भावकीतले पुढं होऊन जमिनीचं, देवळाचं काय काय बोलले. नाही. ऊन चढलं. वहिनी पदर तोंडाला लावून बसलेल्या. म्हणाल्या, "जीव अरकलाय त्यांचा कशात तरी." भटजी हळूच दर्भाचा कावळा करायला लागले.

मग वहिनींनी मान वर केली आणि सगळ्या लोकांतून थेट माझ्याकडं बघितलं.

मी उठलो. पिंडासमोर जाऊन म्हटलं, "हसुराम, थोडा करंटचाही दोष असेल."

तारेवरच्या एका कावळ्यानं मान वाकडी केली. बसला तसाच.

लोक बघत होते. डॉक्टरही तिथंच, माझ्या मागं उभा.

"बरं," मी म्हटलं. "करंटच होता. अर्थिंग लूज होतं. तू बरोबर, मी चूक. झालं समाधान?"

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली. वहिनी मोठ्यानं रडल्या.

डॉक्टरनं माझी बाही ओढली. "नाना, पण टाकीतला पत्रा..."

"तू दात बघ," मी म्हटलं.