भाऊचे चालते जीवडे

माणूस असतो तोवर त्याचे किस्से कोणी जमा करत नाही. गेला की बघा! सुरतेत कोसाडच्या आमच्या खोलीत रोज कोणीतरी येतं, चहा घेतं आणि भाऊचा एक किस्सा ठेवून जातं. खोली लहान. आता किस्सेच इतके झालेत की पाय ठेवायला जागा नाही. मला तसंही एका जागी बसवत नाही, जिन्यावरून सारखा वर-खाली करत असतो. म्हटलं, थोडे तुम्हाला देऊन टाकावेत.

भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, सुनील. पर्वत पाटिया भागात जिग्नेशशेठच्या ऑफिसात साड्यांचे ग्राफ बनवायचा. कॉम्प्युटरवर बारीक बारीक चौकटी असतात. कुठली भरायची, कुठली रिकामी ठेवायची, त्यावरून मागावर फूल उमटतं. मी एम्ब्रॉयडरीचं मशीन चालवतो. सातवीनंतर शाळेशी कट्टी. मागच्या महिन्यात भाऊला ताप आला. ताप उतरला म्हणून आम्ही सगळे निवांत झालो, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ गेला. एवढंच. त्यावर मला बोलायचं नाही. किस्से ऐका.

*

जेवणाच्या सुट्टीत भाऊ त्याच चौकटींवर भलताच खेळ खेळायचा. एकदा डबा द्यायला गेलो तर म्हणाला, "बाळ्या, बघ. भरलेली चौकट म्हणजे एक जीव. शेजारी कमी पडले तर मरतो. फार झाले तरी मरतो. बेताचे असले तर जगतो. आणि रिकाम्या जागेभोवती नेमके शेजारी जमले की तिथे नवा जन्मतो."

मी म्हणालो, "मग हे कोसाडच झालं की!"

"हो. फक्त नळावरची भांडणं नाहीत."

बहुतेक आकार थोडी वळवळ करून मरायचे, नाहीतर जागच्या जागी लुकलुकत बसायचे. पण एखादा चालायचा! मागच्या बाजूने मरत, पुढच्या बाजूने जन्मत, अख्खाच्या अख्खा पडद्यावर सरकत जायचा. जगभर रिकामटेकडे लोक असले चालणारे आकार शोधतात म्हणे. जो पहिल्यांदा शोधेल त्याचं नाव इंटरनेटवरच्या यादीत लागतं. भाऊने नियम जरा बदलून घेतला होता आणि त्यात स्वतःचा एक शोधत होता.

"एक तरी माझ्या नावावर लागू दे रे," तो म्हणायचा. "फुलं काय, सगळी शेठच्या नावावर जातात."

*

या आकारांना 'जीवडा' हे नाव प्रधानने पाडलं. प्रधान म्हणजे भाऊच्या शेजारच्या खुर्चीवरचा ओडिशाचा डिझायनर. सुरतेत इतकी वर्षं काढून त्याला गुजराती यायला लागलं होतं, पण कधी काय बोलायचं ते अजून येत नव्हतं.

शेठ केबिनमध्ये फोनवर. बाहेर प्रधान ओरडला, "सुनील! तेरे कम्प्यूटर में से जीवडा निकला! सीधा चल रहा है!"

आता गुजरातीत जीवडा म्हणजे किडा. शेठ दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसले. दुपारी पाठीला टाकी लावून फवारणीवाला हजर! त्याने टेबलाखाली पाहिलं, कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून भाऊच्या जुन्या नाश्त्याचा चुरा निघाला. "जीवडुं क्यां छे?" त्याने विचारलं.

भाऊने निमूटपणे पडद्याकडे बोट दाखवलं. फवारणीवाला बराच वेळ बघत राहिला. मग नळी खाली ठेवली आणि म्हणाला, "आ तो मारी दवाथी नहीं मरे."

*

एका शनिवारी भाऊला एक मोठा चालणारा सापडला. चांगला भरदार, मागे कचरा सांडत जाणारा. पडद्याच्या उजवीकडून बाहेर जायचा, डावीकडून आत यायचा, पुन्हा उजवीकडे. थांबायचं नावच नाही! यादीत असला कुठेच नव्हता. भाऊने इंटरनेटवर त्या मंडळींना पाठवला आणि उत्तराची वाट न बघता सगळ्या ऑफिसला लोचो, म्हणजे इथला वाफवलेल्या डाळीचा नाश्ता, खाऊ घातला. शेठनेसुद्धा जास्तीची शेव मागून घेतली.

उत्तर आलं. तिकडे एक म्हातारा गोरा आहे, फोटोत टोपी घातलेला, तो सगळ्यांचं तपासतो. प्रधानने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हळूच सांगितलं, "सुनील, बोल रहा है, मैदान के किनारे आपस में क्यों जोड़े?"

भाऊने कपाळावर हात मारला. साडीच्या डिझाईनमध्ये उजवी कड डावीला जुळलीच पाहिजे, नाहीतर कापडावर सांधा दिसतो. त्याला रिपीट म्हणतात. इतकी वर्षं रिपीट जुळवून जुळवून भाऊच्या हाताने इथेही कडा जोडून टाकल्या होत्या! त्यामुळे जीवडा फिरून यायचा आणि स्वतःच मागे सांडलेल्या कचऱ्यावर धडकून तगायचा. मोकळ्या मैदानात सोडला तर थोडा चालून गपकन मेला.

"मतलब," प्रधान म्हणाला, "तेरा जीवडा अपना ही जूठा खाके ज़िंदा था."

शेठ केबिनमधून ओरडले, "अने आपणे एना नामनो लोचो खाई गया!"

*

तोच मेलेला जीवडा मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याने पडद्यावर पाहिला आणि हट्टच धरला, साडीवर याची बुट्टी पाहिजे. भाऊने ग्राफ करून दिला, कापड निघालं, साड्या दुकानात लागल्या. महिन्याभराने व्यापारी गठ्ठा घेऊन परत.

"सुनीलभाई, आ तो चालतुं नथी!"

माल खपत नाही, असं त्याला म्हणायचं होतं. भाऊच्या डोक्यात दुसरंच. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, कापडावर कसं चालेल? कॉम्प्युटरवर चालतं."

"तो शुं हुं ग्राहकने कॉम्प्युटर पहेरावुं?"

त्यातली एक साडी मायने ठेवून घेतली. कपाटात आहे. आता कपाट उघडत नाही कोणी.

*

भाऊ गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर शोधतच होता. तो सॉफ्टवेअरला नियम देऊन सोडून द्यायचा. ते आपलं आकार मांडतं, चालतो का बघतं, नाही चालला की पुढचा. आठवडेच्या आठवडे. दहाव्याला माझ्या डोक्याचं मुंडण झालं, विधी आटोपले, आणि त्यानंतर प्रधानचा फोन आला, "कल नया लड़का आ रहा है. शेठ कम्प्यूटर साफ़ करवाएगा, सब मिट जाएगा."

मी तसाच पर्वत पाटियाच्या ऑफिसात. "शेठ, बंद केलात तर भाऊचं सगळं जाईल!"

शेठ माझ्या डोक्याकडे बघत राहिले. म्हणाले, "लई जा. तारा भाईनुं ज छे."

लई जा म्हणाले ना? मी घेतला! बंद करायचाच नव्हता, म्हणून कॉम्प्युटरचा चालू डबा आणि त्याला जोडलेली पॉवर बॅकअपची पेटी दोन्ही उचलली, रिक्षात मांडीवर घेतली आणि निघालो. प्रधान दुसऱ्या मजल्यावरून हाका मारत होता, मी ऐकलं नाही. पेटी सारखी टीं टीं करायची. सिग्नलला पोलीस आडवा आला. "क्या बज रहा है?"

"मेरा भाई है साहब. मतलब, भाई का है. चालू है."

त्याने डबा पाहिला, माझं डोकं पाहिलं. "जा, जा."

अमरोलीच्या पुलावर टीं टीं थांबलं. डब्यातला पंखा घरघरत होता, तोही थांबला. मांडीवर नुसतं गरम लोखंड. मी रिक्षावाल्याला ओरडलो, "परत फिरव! परत फिरव!"

"कुठे फिरवू?"

ते मलाही माहीत नव्हतं. प्रधानला फोन लावला, "बंद पडला रे! माझ्या मांडीवर बंद पडला!"

प्रधान म्हणाला, "अरे पागल, वो तो हर घंटे अपने आप सेव होता है. ऊपर से वही तो चिल्ला रहा था!"

मी त्या गरम डब्यावर डोकं टेकलं. रिक्षावाला म्हणाला, "दादा, रडायचं तर रडा. पण पुलावर गाडी उभी करू देत नाहीत."

*

प्रधानने रविवारी येऊन डबा आमच्या टीव्हीला जोडला. शोध सोडला होता तिथून पुढे सुरू. नंतर दर रविवारी यायचा, आकडे बघायचा, नाही म्हणून मान हलवायचा, चहा पिऊन जायचा.

परवाच्या रविवारी त्याने मान हलवली नाही. एक आकार उघडला. लहानसा, वाकडा, एका बाजूला झुकलेला. प्रधानने मैदान मोकळं आहे ना ते तपासलं, पुन्हा तपासलं, आणि पाठवून दिला. मी चार वेळा जिना उतरलो आणि चढलो. संध्याकाळी टोपीवाल्याचं उत्तर आलं. प्रधानने वाचलं, "नया है. पहले किसी को नहीं मिला." खाली आणखी एक ओळ होती: सुनीलच्या नावाने लावतो, पण तो स्वतः का लिहीत नाही?

प्रधान माझ्याकडे बघायला लागला.

"लिही," मी म्हणालो, "गावाला गेलाय."

त्याने लिहिलं.

माय ओट्यापाशी होती. पदराला हात पुसत टीव्हीसमोर आली. "हाई काय शे रे?"

"भाऊनं शे, माय. भाऊले सापडनं. हाई चालस."

"कथा जास? कोनता गावले?"

"कथाच नही. चालतच ऱ्हास."

ती खाली बसली. टीव्हीभर काळोख आणि त्यात तो एवढासा, वाकडा वाकडा पुढे. माय बघत राहिली. प्रधाननेही चहा तसाच ठेवला.

"दमना व्हई," माय म्हणाली. "बसाड त्याले जरासा."

मी पॉजचं बटण दाबलं.