तापलेलं दळण

डंकमावशीला काहीही दाखवा, ती आधी हात लावून बघायची. भट्टीचं दार, सरांचा नवा कॉम्प्युटर, सगळं. 'हात लावू नये' ही पाटी पुसायचं कामही तिचंच, आणि पुसता पुसता ती हात लावून घ्यायची!

तारकर्लीहून एसटीनं येणारी ही आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतली रोजंदारीवरची मदतनीस. आधी कित्येक वर्षं मालवणात मिरच्या कुटायच्या डंकावर होती, म्हणून हे नाव. मी बॉल मिलमध्ये, म्हणजे टणक गोळ्या भरलेल्या फिरत्या बरणीत, राळेसारखा कडक पॉलिमर दळायची. ती पूड भट्टीत भाजली की तिचं सिरॅमिक व्हायचं. "इतक्या दळतंस, भाकरी खंय आसा गो?" असं विचारून ती मला छळायची.

माझी पीएच.डी. एकाच बरणीवर अडली होती. त्या एका खेपेला सिरॅमिकचे कण बारीक, एकसारखे आले. बाकी प्रत्येक खेपेला नुसत्या गुठळ्या. कृती तीच, वेळ तोच. "पुन्हा जमलं नाही, तर तो निकाल धरायचा नाही," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. महिनोन्‌महिने डोकेफोड केली, दळायचा वेळही वाढवून पाहिला. शेवटी एका दुपारी टेबलावर डोकं ठेवून चक्क रडले.

मावशी झाडू टाकून जवळ आली. "बाये, माका कामावरसून काढतले, पण सांगतंय. ती एक बरणी बरी झाली, त्या दिसा तू जेवूक गेल्लंस, तेवा मशीन तापला. मी बंद केलंय. थंड झाल्यार परत लावलंय. दोन-तीनदा."

"मावशी! मशीनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"तापल्यार मसालो काळो पडता गो. माका बघवला नाय."

मी कपाळावर हात मारला. बाकीच्या खेपांना उष्णतेनं पॉलिमर मऊ पडून मिलच्या गोळ्यांना चिकटत होता, आणि पुढे भट्टीत त्याची रचनाच बिघडत होती. आणि मी शहाणी दळायचा वेळ वाढवत बसले होते! दुसऱ्या दिवशी दोघींनी थांबत थांबत दळलं. लागोपाठ तीन बरण्या, तिन्ही झकास.

सरांसमोर ती पदर मुठीत धरून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. सरांनी वही उघडली.

"मावशी, किती तापलं की थांबायचं?"

"हात ठेवूक जमणा नाय, तेवा."

सरांनी थर्मामीटर लावून ते अंशांत लिहून घेतलं आणि म्हणाले, "उद्यापासून मिल मावशींच्या ताब्यात."

नोकरीसाठी पुण्याला निघण्याआधी माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ही थांबून दळायची पद्धत कुणाची?" मी मावशीचं नाव आडनावासकट सांगितलं.

"कुठल्या विभागात असतात त्या?"

मावशी चहाचा ट्रे घेऊन दारातच होती. "ह्याच त्या," मी म्हटलं. परीक्षक खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात जोडले. माझे डोळे भरून आले.

मावशीनं ट्रे तसाच धरला होता. "बसा ओ साहेब," ती म्हणाली, "चाय थंड जातली."