वरातीतली बारा सिलिंडरची गाडी

गाडीच्या तोंडावर थर्माकोलचं बदाम चिकटवलेलं पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. चांगलं परातीएवढं लाल बदाम, त्यावर चमकीनं नवरा-नवरीची नावं. भोवती झेंडूची जाळी. ती जाळी तोंडावरून चढून पार बॉनेटभर पसरलेली आणि कडेनं टेपच टेप. वर्ध्याजवळ नालवाडीतल्या आमच्या घरापुढे सकाळीच असं ऊन तापलं होतं की ओट्यावर अनवाणी पाय ठेववत नव्हता. आणि माझा धाकटा भाऊ, त्या दिवसाचा नवरदेव, स्वतःच्या हातानं टेप दाबून दाबून बसवत होता.

"काढ ते," मी म्हटलं.

"काऊन?"

"काऊन म्हणजे? नाक दाबून राह्यला तू तिचं."

तो हसला. त्याचे दोस्त तर असे हसले जसं मी काही जोक मारला. "ताई, पुण्याचं ज्ञान पुण्यात ठेव न. आज माझं लगन आहे."

आता हे ज्ञान म्हणजे काय, तर मी पुण्यात गाड्यांच्या कंपनीत इंजिन थंड ठेवायचं काम करते. हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते, कुठे अडते, गेली कित्येक वर्षं मी हेच पाहत बसलेय. पण घरी त्याची किंमत शून्य. आई शेजारणींना सांगते, पोरगी गॅरेजमध्ये आहे.

गाडी भावाच्या साहेबांची. साहेब नागपूरचे, रस्त्यांचे मोठे ठेकेदार. भाऊ त्यांच्याकडे साइटवर इंजिनीअर. 'नवरदेव आमचा आहे, गाडीही आमचीच जाईल,' असं ते म्हणाले आणि तेव्हापासून भावाचे पाय जमिनीला लागत नव्हते. अशी गाडी आमच्याकडे कोणी पाहिली नव्हती. खरं सांगते, मीसुद्धा ती फक्त स्क्रीनवर पाहिली होती. आदल्या संध्याकाळी ती गल्लीत शिरली तेव्हा मी हातातला चहा तसाच ठेवून बाहेर गेले आणि तिच्याभोवती फिरत राहिले.

असल्या बहुतेक गाड्यांत इंजिन माणसाच्या पाठीमागे असतं. हिचं पुढे. बारा सिलिंडरचं धूड, आठशेच्या घरात अश्वशक्ती, आणि तरीही ते पुढच्या चाकांच्या मागे सरकवून जवळजवळ ड्रायव्हरच्या पायांशी बसवलेलं. म्हणून तर बॉनेट एवढं लांब. गिअरबॉक्स थेट मागच्या चाकांपाशी नेलेला, म्हणजे वजन पुढेमागे सारखं वाटलं जातं आणि वळणावर नाक जड होत नाही. लोक म्हणतात, काय डौल आहे! अरे, डौल नाही तो, हिशेब आहे. तोंडातून हवा आत येते, रेडिएटरमधून जाते, आणि गरम होऊन बॉनेटवरच्या फटींतून आणि चाकांमागच्या खाचांतून बाहेर पडते. गाडी जितकी जोरात पळेल तितका तिचा श्वास मोकळा. दोनशेच्या वर वेग मागा, ती देईल आणि वर आणखी देऊ का विचारेल. पण माणसाच्या चालीनं चालवा, की ती गुदमरली. त्यातून हिला दोन क्लचचा गिअरबॉक्स. रांगायला लावलं की क्लच पुरता धरतही नाही आणि सुटतही नाही, नुसता घासत राहतो आणि जळतो.

आणि आमच्याकडे वरात निघते ती रांगतच.

आमच्या आईबाबांचं लग्न विहारासमोरच्या मांडवात, पांढऱ्या कपड्यांत, ऊन चढायच्या आत लागलं. वरात नाही, घोडा नाही, बँड नाही. बाबा होते तोवर हे छाती फुगवून सांगायचे. आता त्यांच्याच घरापुढे डीजेचा ट्रक उभा होता, वर ड्रोन घोंगावत होता, आणि मला म्हणे जुन्या विचारांची. मी! जुन्या विचारांची!

गाडीसोबत साहेबांचा ड्रायव्हर आला होता. पन्नाशीला आलेला, गिरडकडचा माणूस, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मी त्याला बाजूला घेतलं. "भाऊ, हे असं नेलं तर काय होईल, माहीत आहे न तुम्हाला?"

"माहीत आहे न ताई. पण मी कोणाले सांगू?"

"साहेबांना सांगा. आत्ता."

त्यानं माझ्यासमोर फोन लावला. "साहेब, तोंडावर फुलं लावून राह्यले. वरातीत पायीपायी न्यायची म्हणतात. गरम होईन जी." साहेबांचा आवाज असा दणदणीत की मलाही ऐकू आला : लग्नघर आहे, लोकांचं मन मोडू नको, म्हणतील तसं कर. ड्रायव्हरनं फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली.

वरात निघाली. पुढे डीजेचा ट्रक, त्याच्या जनरेटरचा गरम धूर सरळ गाडीच्या तोंडावर. मध्ये नाचणारे पोट्टे. मागे ती गाडी, वीतभर सरकायची की थांबायची. मी बाजूनं चालत होते. लग्नाची साडी नेसून, गाडीच्या चाकाकडे बघत चालणारी मी एकटीच मूर्ख बाई असेन त्या दिवशी वर्ध्यात. चौकात पोट्टे अडून बसले, आणखी एक गाणं, आणखी एक. मी काच वाजवली. "इंजिन बंद करा! थोडा वेळ तरी बंद करा!"

भावानं बोटभर काच खाली केली. "एसी बंद होते न ताई! शेरवानी आहे अंगावर."

आत समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती. ड्रायव्हर त्या अक्षरांवर बोट ठेवून भावाला म्हणत होता, "गाडी तापली जी, बंद करू द्या." जळक्या क्लचचा वास आला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे गेले, ते बदाम दोन्ही हातांनी उपटलं आणि रस्त्यावर फेकलं.

झालं! आई धावत आली. "अवो बाई, नावं आहेत न त्याच्यावर! नावं पायदळी तुडवतं का कोणी?" तिनं ते उचललं, पदरानं पुसलं, आणि भावाच्या दोस्तांनी पुन्हा टेप मारून होतं तिथेच चिकटवलं. पहिल्यापेक्षा पक्कं. आठशे घोड्यांची ताकद तिथे भर चौकात शिजत होती आणि सगळ्यांना काळजी चमकीच्या अक्षरांची. मी रडायच्या बेतात होते, रागानं.

हॉलच्या फाटकात गाडीनं मान टाकली. आधी एक गचका, मग काहीच नाही. बॉनेटवरच्या जाळीतून वाफ वर आली आणि उकडलेल्या झेंडूचा घाण वास सुटला. डीजे थांबला. साहेब फाटकातच उभे होते, हार घेऊन. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडे, मग ड्रायव्हरकडे.

"तुले अक्कल आहे का? गाडी बंद नाई करता आली? चाल, चाबी दे. उद्यापासून येऊ नको."

ड्रायव्हरनं चाबी दिली. मी वाट पाहिली, आता बोलेल, आता सांगेल की तुम्हीच म्हणाले. साहेबांनी भावाला विचारलं, "तुम्हाला काही बोलला का हा रस्त्यात?" आणि माझा भाऊ, ज्याला मी सायकल शिकवली, ज्याच्या फिया मी भरल्या, तो फेटा सावरत म्हणाला, "नाई सर. काहीच नाई बोलला."

"खोटं!" मी ओरडले. सगळे वळले. "तो बोलला, मी बोलले, आणि तुम्हाला फोनसुद्धा केला यांनी. म्हणतील तसं कर, हे तुमचे शब्द. मी शेजारी उभी होते."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला हळूच बाजूला नेलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, मले माहीत आहे. पण एवढ्या लोकांत माझी गाडी बंद पडली, काही तर बोलायला लागते न? ड्रायव्हर काय, दुसरा भेटते."

मग त्यांनी भावाच्या गळ्यात हार घातला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आत लग्न लागलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. खोटं बोलणार नाही, हे शील माझ्या भावानं हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटलं. साहेब पुढच्या सोफ्यावर बसले होते. फुलं टाकून झाली तशी मी उठले. आई म्हणाली, फोटो राह्यले न. मी म्हटलं, तुम्हीच काढा. बाहेर ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. जेवला का म्हणून कोणी विचारलं नव्हतं. मी त्याला माझ्या छोट्या गाडीत बसवलं. तो बस स्टँडवर सोडा म्हणत होता, मी ऐकलं नाही, त्याला गिरडला घरी सोडायला समुद्रपूरच्या रस्त्याला लागले.

हिंगणघाट ओलांडलं आणि त्याचा फोन वाजला. साहेबच.

"उचलू नका," मी म्हटलं. "आणि उचलला तर आधी विचारा, कामावर आहे का नाही मी."

त्यानं फोन उचलला. गाडी न्यायला ट्रक आला होता, पण गाडी जागची हलत नव्हती; न्यूट्रलमध्ये कशी आणायची, कोणालाच ठाऊक नव्हतं. "हाव साहेब... ब्रेक दाबून धरजा... नाई, सोडू नका... मंग ते नाक वर घ्याचं बटन... हाव, तेच. नाईतर ट्रकवर चढताना खालून घासते. लाकडाच्या फळ्या लावजा. अन् साहेब, तोंडावरचं पहिले सगळं काढजा, तिले थंड होऊ द्या." दोनदा, तीनदा, तेच तेच शांतपणे. पलीकडून फोन कट झाला. धन्यवाद नाही, काही नाही.

मी स्टिअरिंगवर हात आपटला. "काऊन सांगितलं? राहू द्यायची तिथेच! काऊन सांगितलं तुम्ही?"

"ताई," तो म्हणाला, "गाडीनं काय केलं हो?"

"अन् तुम्ही काय केलं होतं?"

त्यानं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "घरी काय सांगू, त्याचा विचार करून राह्यलो."