दुसरं वाचन

छापखान्यात चौतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून प्रुफं तपासल्यावर माणूस निवृत्त होतो, डोळे होत नाहीत. वेलांटीकाकांचे तर मुळीच झाले नाहीत. हे नाव गल्लीनं ठेवलेलं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. लग्नाची पत्रिका आली की काका आधी चुका काढत, मग तारीख बघत. शेजाऱ्याचे वडील गेले तेव्हा भेटायला जाऊन त्यांनी पेपरातल्या बातमीत 'दुःखद'चा विसर्ग राहिल्याबद्दल हळहळ व्यक्त केली. वडिलांबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

डॉक्टर रक्तदाब मोजून म्हणाले, "काका, सगळ्याचा ताप डोक्याला करून घेऊ नका. सोडून द्यायला शिका."

"शिकतो. पण बाहेरच्या पाटीवर 'तपासनी' लिहिलंय, तेवढं बघा."

घरी आल्यावर काकूंचा पारा चढला. "पाटीचं जाऊ द्या. पोरीचं काय?"

पोर म्हणजे एकुलती एक लेक, दूरच्या शहरात नोकरीला. पूर्वी रोज मोबाइलवर दोन ओळी लिहायची. गेले सात महिने नुसता अंगठा. एवढी शिकलेली मुलगी, पण बापापुढे अंगठेबहाद्दर झाली होती.

"कामात असेल," काका म्हणाले.

"कामात? शेवटचं काय लिहिलं होतं तिनं? 'बाबा, तुमची खूप आठवन येते.' आणि तुम्ही काय उत्तर धाडलंत?"

काकांनी लिहिलं होतं, 'आठवण. ण बाणाचा.' त्या वेळी आपण बापाचं कर्तव्य केलं असं वाटून ते शांत झोपलेही होते. आता मात्र काळजात चर्र झालं. लेक कायमची तुटली तर?

दुसऱ्या दिवसापासून पथ्य सुरू झालं. रस्त्यानं मान खाली घालून चालायचं, पाट्या वाचायच्या नाहीत. लोकांना वाटलं, घरात काहीतरी वाईट घडलंय. दोघांनी तर येऊन विचारपूसही केली. शिंप्याच्या दुकानावरची 'शीलाई' काकांनी दात-ओठ खाऊन सोसली. लेकीला ते रोज लिहीत, 'कशी आहेस? काहीही लिही, कसंही लिही.' यातलं 'कसंही' त्यांच्या अगदी जिवावर येई. उलट यायचा तो अंगठाच.

मग एका रविवारी दुपारी भलामोठा मजकूर आला. काकूंनी धावत चष्मा आणून दिला. काकांनी वाचला आणि सवयीनं मोजलं: तेवीस चुका. 'नोकरि', 'महीने', 'कुनाला'. पथ्य मोडलं म्हणून स्वतःवरच चरफडत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि तेव्हा कुठे त्यांना कळलं की लेकीची नोकरी जाऊन तीन महिने झालेत, तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि दिवसदिवस ती खोलीबाहेर पडत नाही.

काकांनी सरळ लेकीला फोन लावला.

"वाचलंत, बाबा?"

"वाचलं."

"मग?"

"घरी ये."

पलीकडे लेक काहीच बोलेना. ती चुका ऐकायला थांबली आहे, हे काकांच्या लक्षात आलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढंच," ते म्हणाले. "ये, बाळा."